अक्षता पडेपर्यंत

आबा, उद्या तुमच्या नातीचं लग्न आहे आणि मी सकाळपासून फोन समोर ठेवून बसलोय. बाहेर मांडवात हळदीची धांदल चाललीय. तिकडं हुपरीला तुमचे धाकटे भाऊ, माझे काका, शेवटच्या घटका मोजतायत. ते गेले तर आपल्याला सुतक, आणि सुतकात लग्न होत नाही. तुम्ही असता तर म्हणाला असता, कसलं सुतक?

पैंजणांच्या कारखान्याची वाटणी झाली आणि तुम्ही सख्ख्या भावाशी सुतकाचंही नातं तोडलंत. काकांचा थोरला, माझ्याच वयाचा, विहिरीत बुडून गेला तो दिवस बेंदराचा, बैलांच्या सणाचा होता. हुपरीच्या आपल्या जुन्या घरात भिंतीपलीकडून काकूंचा हंबरडा येतोय, पुरणपोळी करताना आईचं लाटणं थांबलंय, आणि तुम्ही चुलीपाशी उभे. "लाट की! त्या घरचं सुतक आपल्याला न्हाय." आई रडत रडत लाटत राहिली. मला जेवावं लागलं. आबा, त्या दिवसाचा मला तुमचा अजून राग येतो. भांडण तुम्हा दोघांचं, पण आम्ही कुणाशी खेळायचं आणि कुणासाठी रडायचं तेही तुम्हीच ठरवलंत.

गेल्या आठवड्यात काकांची सून आली. अंथरुणाला खिळायच्या आधी काकांनी माझ्या लेकीसाठी घडवलेले पैंजण तिच्या हातात होते. उंबऱ्याच्या आत काही येईना. "भाऊजी, मामंजींचा निरोप हाय. मी गेलो तर अक्षता पडंपतूर त्याला कळवू नका म्हणत्यात. कळलं तरच सुतक लागतंय. पोरीचं लगीन थांबाय नको." तेव्हापासून काकांची तब्येत सांगायला रोज सकाळी तिचा फोन यायचा. आज आलेला नाही.

कामाच्या गडबडीत राहिला असेल, की काका गेले असतील? माझं बोट नंबरापर्यंत जातं आणि मागं येतं. लेकीनं दोनदा विचारलं, "पप्पा, हुपरीचे आजोबा बरे आहेत ना?" मी म्हटलं, "हाईत की." तुम्ही माहीत असून सुतक धरलं नाहीत, मी माहीतच करून घेत नाही. यातलं काय वाईट, सांगा.

हा कागद तुमच्यापर्यंत पोचायचा नाही, म्हणून सांगतो. फोन वाजू नये म्हणून मी देवापुढं दिवा लावलाय. घरच्यांना वाटतंय, तो काकांसाठी आहे.