दाराजवळची कॉट

मेट्रनबाई आणि आई,

तुझ्यातल्या दोघींनाही एकदमच लिहितेय, कारण उद्या सकाळी नव्या नर्सेसचा तुझा तो वर्ग मला घ्यायचा आहे. तू गेल्यापासून तो बंदच होता. आता आपल्या हॉस्पिटलचे नवे मॅनेजर म्हणतात, "ज्योती, पॉइंट्स बना दो यार. सिख पेशंट को ये चलता है, मुस्लिम पेशंट को वो. आधे घंटे में हो जाएगा." मी 'अच्छा' म्हणून घरी आले आणि तेव्हापासून मनातल्या मनात तुझ्याशी वाद घालतेय. असा वर्ग घेण्यापेक्षा तो बंद राहिलेला बरा का गं?

सरकारी नोकरी सोडून फरीदाबादच्या या चकचकीत नव्या हॉस्पिटलात जायचं तू ठरवलंस, तेव्हा बाबा किती चिडले होते! "नागपूरहून दिल्लीला येऊन पक्की नोकरी मिळवलीस, ती सोडतेस?" तू सरोजिनी नगरातून दोन कॉटनच्या साड्या आणल्यास, त्यांना कडक इस्त्री केलीस आणि सोमवारी चार्टर्ड बसमध्ये जाऊन बसलीस. लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये तो विषय तिथेच संपला.

तिथे नर्सेस केरळच्या, मणिपूरच्या, बिहारच्या. पेशंट जवळच्या गावांतले, नाहीतर नव्या सेक्टरांत राहायला आलेले. कुणाला कुणाचं काही ठाऊक नाही. तुला मात्र सगळ्यांचं सगळं ठाऊक आहे, असं तुझं स्वतःचं मत होतं. रागावू नकोस, पुढचं तूच सांगितलेलं आहे.

पायाचं ऑपरेशन झालेल्या त्या हरियाणवी आजी. भेटायला आलेल्या थोरल्या दिरासमोर त्यांनी हनुवटीपर्यंत घुंघट ओढलेला पाहिलास आणि लगेच त्यांची कॉट कोपऱ्यात हलवलीस. भोवती पडदे लावलेस, डॉक्टरांनाही खाकरून आत यायला सांगितलंस. केवढा मान राखला म्हणून तू खूश, आणि आजींनी जेवण टाकलेलं. शेवटी वैतागून तू विचारलंस, हवंय तरी काय? त्या म्हणाल्या, "घूंघट तो जेठ ते सै, डाक्टर ते थोड़ा सै. मन्नै कूणे म्हं क्यूँ गेर दी? पूछ तो लेती." घुंघट थोरल्या दिरापुरता, डॉक्टरांसाठी नाही; मग मला कोपऱ्यात का टाकलंस, विचारायचंस तरी! त्यांना दाराजवळची कॉट हवी होती, येणारंजाणारं माणूस दिसावं म्हणून. ती मिळाल्यावर त्यांनी वॉर्डातल्या प्रत्येकाची चौकशी केली आणि रात्री पोळी वाढवून मागितली.

ही फजिती तू प्रत्येक बॅचला हसत सांगायचीस. घरी मात्र आमटी खारट झाली तर आमचीच जीभ बिघडलेली असायची. हा काय न्याय झाला?

तुझ्या वर्गात पॉइंट्स नव्हतेच. एका मुलीला कॉटवर झोपवायचं आणि दुसरीला सांगायचं, हिच्याबद्दल जे ठाऊक आहे ते बाजूला ठेव आणि विचार. मणिपूरच्या मुलीला सगळ्यांनी चाउमीन देऊ केलं आणि तिला हवे होते राजमा-चावल, तेव्हा तू डोळे पुसेपर्यंत हसली होतीस.

मग तू स्वतः आजारी पडलीस. मेट्रन म्हणून हॉस्पिटलनं तुला सगळ्यात आतली, शांत खोली दिली. नागपूरहून मावशी बुद्धवंदनेची कॅसेट घेऊन आली. आम्ही सगळे पावलं न वाजवता वावरत होतो आणि तू भिंतीकडे तोंड करून पडलेली. मला वाटलं, आई आता आवरायला लागली. फार घाबरले होते मी.

तुझ्याच हाताखाली शिकलेली केरळची लिली ड्यूटीवर आली आणि तिनं विचारलं, "मॅडम, आपको कैसे अच्छा लगेगा?"

तू म्हणालीस, "वॉर्ड में. दरवाज़े के पास."

तुझी कॉट दाराशी आली. मी विचारलं, "आई, मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस का?" म्हणालीस, आणि समोरून जाणाऱ्या वॉर्डबॉयला बूट पुसून यायला सांगितलंस. त्यानंतरचे तुझे शेवटचे दिवस मजेत गेले. ते आठवलं की मला अजूनही बरं वाटतं.

म्हणून हे वचन. उद्या पॉइंट्स नाहीत आणि अर्धा तासही नाही. वर्गात एक कॉट असेल, दाराजवळ, आणि तिच्यावर पहिल्यांदा मॅनेजरांना झोपवणार आहे. त्यांना काय हवंय, ते आजवर कुणी विचारलेलं दिसत नाही.

उशिरा का होईना, विचारायला शिकलेली
तुझी ज्योती