आईची वही आणि टोपीवालं हरीण

तीर्थस्वरूप ताझुकोताईस, ओसाकाहून धाकट्या सुमियोचा नमस्कार पोचावा.

इकडे प्लम फुलून गेला, चेरीच्या कळ्या डोकावताहेत. तुमच्या ओतारूत अजून दारातलं बर्फ उपसणं चालू असेल. तुझी कंबर कशी आहे? आई ठणठणीत आहे. मी नाही. माझं डोकं गेले चार दिवस भणभणतंय, आणि त्याचं कारण म्हणजे आमचे हे.

कान्नोनदेवीची तेहेतीस देवळं करायची, प्रत्येक ठिकाणी वहीत देवळाचा शिक्का आणि त्यावर भिक्षूच्या हातची अक्षरं घ्यायची, आणि ती वही शेवटी आपल्यासोबत शवपेटीत ठेवायची, हा आईचा बारा वर्षांचा ध्यास तुला ठाऊकच आहे. (ठाऊक असणारच. दर वर्षी तू ‘पुढच्या खेपेला नक्की येते’ असं कळवतेस.) बत्तीस झाली होती. राहिलं होतं ते नाराच्या डोंगरातलं तेराशे वर्षांचं देऊळ, आणि वहीत पान उरलं होतं एकच. गेल्या मंगळवारी आम्ही तिघं निघालो. आईनं शवपेटीसाठी शिवलेला पांढरा अंगरखासुद्धा बरोबर घेतला, त्यावरही शिक्का हवा म्हणून. अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी ती त्या पायऱ्या चढली. आमचे हे मात्र दर वीस पायऱ्यांवर ‘निसर्ग बघायला’ थांबत होते. वर पोचल्यावर हे शौचालयाला गेले आणि तिथल्याच सपाता घालून थेट मुख्य गाभाऱ्यात! देवीसमोर, शंभर माणसांत, पायात ‘शौचालय’ असं लिहिलेल्या सपाता! मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

पण खरा घोळ पुढेच. शिक्क्यांच्या खिडकीशी तरुण भिक्षूनं ब्रश शाईत बुडवला, शेवटचं पान उघडलं आणि ब्रश परत ठेवला. पानभर जांभळं हरीण! डोक्यावर स्टेशनमास्तरची टोपी, खाली ‘आपलं स्वागत आहे’. खालच्या स्टेशनात प्रवाशांनी गंमत म्हणून मारायला ठेवलेला शिक्का! भिक्षू नम्रपणे म्हणाला, “आजी, ही देवाची वही. हिच्यात असला शिक्का असेल तर मला लिहिता यायचं नाही. नवीन वही घ्या, तिच्यात आनंदानं लिहितो.” मी हात जोडले, वाकले, आईचं वय सांगितलं, माझं रक्तदाबाचं औषधही दाखवलं. तो माझ्यापेक्षा खाली वाकला, पण ऐकेना.

आता मला सांग, रेल्वेतून निवृत्त झालेला, दिसेल त्या स्टेशनाचा शिक्का आपल्या वहीत मारत सुटणारा आमच्यात कोण आहे? मी यांच्याकडे नुसतं पाहिलं. “अगं, मी नाही मारला...” एवढं म्हणाले, आईकडे पाहिलं, आणि मग मान खाली घालून, “माझ्याच हातून झालं. माफ करा.” मग मी जे तोंड सोडलं ते परतीची गाडी ओसाकात शिरेपर्यंत. बारा वर्षांची पुण्याई एका हरणानं खाल्ली! आई बिचारी एक शब्द बोलली नाही. पायथ्याच्या टपरीवर तिनं दोन बशा भरून तांदळाचे मोची-लाडू खाल्ले, दुःखात माणसाला भान राहत नाही. तेव्हापासून घरातली भांडी हे घासताहेत आणि मी यांच्याशी बोलत नाही.

काळजी घे. बर्फात घसरू नकोस.

तुझी,
सुमियो

ता. क. पत्र पाकिटात घालणार तेवढ्यात आई आली आणि मुकाट्यानं समोर बसली. ताई, शिक्का तिनंच मारला होता! मी परतीच्या तिकिटांच्या रांगेत असताना. का, म्हणून विचारलं तर म्हणते, “वही भरली की तुम्ही मला कुठं न्यायचं ते एकच ठिकाण उरतं. मला एवढ्यात नाही जायचं गं.” मला रडू आलं आणि रागही आला. तिनं कोरी वही आणून ठेवलीय. पहिलं देऊळ नाचीच्या धबधब्यापाशी, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात. तू ये. सबब चालणार नाही. खरं तर पत्र आता एवढ्यासाठीच धाडतेय.

आणखी एक. यांनी स्टेशनात आईला शिक्का मारताना पाहिलं होतं. मग गप्प का बसलात, म्हणून आत्ता विचारलं. म्हणाले, “तुझ्या शिव्यांची मला चाळीस वर्षांची सवय आहे. आईंना या वयात कुठं नव्यानं लावायची?” भांडी मात्र अजून तेच घासताहेत.