निर्गुडीचं पाणी

अप्पा, तुमच्या नातीला मुलगी झाली. बाळ गुटगुटीत आहे, पण नात भिंतीकडे तोंड करून पडून असते, कुणाशी बोलत नाही. डॉक्टरीणबाईंचं औषध सुरू आहे. तरी मला भीती वाटते. जावयानं पाय शेकायचं मशीन मागवलंय. पाणी आपोआप गरम राहतं, वरून लॅव्हेंडरच्या तेलाचे थेंब टाकायचे. अख्ख्या घराला लग्नाच्या हॉलसारखा वास येतो. तुम्ही नाक मुरडलं असतंत.

माझ्या बाळंतपणाला आई नव्हती, ती आधीच गेलेली. शेजारच्या मावशी दारातूनच म्हणाल्या, "बाप मानूस कुटं बाळंतपन करतंय व्हय? सासरी धाडा पोरीला." तुम्ही स्टोव्हपुढून मान वर न करता म्हणालात, "पानीच तर तापवायचं हाय की. कारखान्यात रोज तेच करतोय." सूत रंगवून निळ्या बोटांनी घरी यायचात, पिशवीत निर्गुडीचा पाला असायचा. तो उकळून पाणी घमेल्यात ओतायचात आणि कोपर बुडवून बघायचात, कारण रंगाच्या कढत पाण्यात वर्षं काढलेल्या हातांना चटका कळत नव्हता. मग माझे पाय आत आणि तुम्ही समोर पाटावर. बोलायला तुम्हाला काही सुचत नसे. आज कुठला रंग लागला, कुठला फसला, एवढंच सांगायचात. मला तेव्हा बाळाकडे बघवत नव्हतं, उगाच रडू यायचं. तुमचं ऐकताना ते थांबायचं.

काल पोरीचे पाय मशीनमध्ये ठेवून मी उठायला लागले. तर ती म्हणाली, "आई, पाणी गार झालंय." कितीतरी दिवसांनी आपणहून बोलली. मशीनचा दिवा तर चालू होता. मी कोपर बुडवलं, पाणी चांगलं गरम. "आणते हं," म्हणाले, तांब्याभर ऊन पाणी आणून ओतलं आणि तिच्यासमोर बसले. काही सुचेना, म्हणून तुमच्या फसलेल्या हिरव्या रंगाची गोष्ट सांगितली. हसली नाही, पण भिंतीकडेही वळली नाही.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, तरी एक सांगून टाकते. मीही रोज म्हणायचे, पाणी गार झालं. ते कधीच झालेलं नसायचं. तुम्ही उठून जाल, याचीच धास्ती असायची. आणि तुम्ही दर वेळी कोपर बुडवायचात, "व्हय की, लई गार झालंय," म्हणायचात, आणि पुन्हा पातेलं चढवायचात.