कुंकवाबरोबर पाठवलेल्या गोळ्या

॥ श्री अंबाबाई प्रसन्न ॥
मंगळवार पेठ, कोल्हापूर
४ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. पूर्णिमावहिनींना संयोगिताचा सा. न. वि. वि.

लिव्हरचं कळल्यापासून दादाचा डोळ्याला डोळा लागत नाही, छातीत धडधडतं, असं तुम्ही म्हणालात. मागं माझंही असंच व्हायचं. तेव्हा डॉक्टरांनी दिलेल्या घाबरेपणाच्या गोळ्या थोड्या उरल्यात. चांगलं औषध केरात कशाला घालायचं? देवीच्या पायाला लावून कुंकवाच्या पुडीत पाठवतेय. रात्री एक द्या. गोळी म्हटलं तर तोंड फिरवेल, प्रसाद म्हटलं की मुकाट घेईल तुमचा माळकरी!

उत्तर दुधाच्या टेम्पोवाल्या बाळासोकडं द्या. फोन दादाच्या उशाशी असतो.

माया पातळ होऊ देऊ नका.
तुमची संयोगिता

कोडोली
११ नोव्हेंबर

चि. सौ. संयोगितास अनेक आशीर्वाद.

तू दवाखान्यात त्यांच्यापाशी आहेस म्हणून मी धारा काढायला घरी येऊ शकले. पण एक सांगायचं राहिलंय. तुझ्या गोळ्या मी दिल्या होत्या. दोन रात्री गाढ झोपले, मी देवीला नारळ बोलले. तिसऱ्या सकाळी उठून गेले ते शेजारच्या केरबाच्या गोठ्यात, त्याची म्हस पिळायला! केरबानं हसून विचारलं, म्हस बदलली व्हय. ह्यांना धड बोलता येईना, हात थरथरत होते. सांजेपर्यंत गल्लीभर झालं की माळ घालून पितोय. ते लिव्हर जुन्या काविळीनं गेलंय, हे कुणाकुणाला सांगू? त्या लाजेत माझा एक दिवस गेला, आणि त्यांची शुद्ध हरपली तेव्हाच दवाखान्यात आणलं.

नवीन काही औषध दिलंत का, असं डॉक्टरांनी विचारलं, तर मी नाही म्हणाले. तुझं नाव आलं असतं, आणि प्रसादाला औषध कसं म्हणू? उरलेल्या देव्हाऱ्यात आहेत. आता शुद्धीवर आल्यावर पुन्हा तोच प्रसाद मागतायत. देऊ का? आणि तू मॅट्रिक झालेली, मला एवढं सांग, तुला गुण आलेली गोळी त्यांना कशी बाधली?

जीव लावतेस तशीच लावत राहा.
तुझी वहिनी

शाहूपुरी, दवाखान्यातून
१३ नोव्हेंबर

ती. सौ. वहिनींना सा. न. वि. वि.

देऊ नका. सगळ्या बाळासोकडं पाठवून द्या. तुमचं पत्र वाचलं आणि थेट डॉक्टरांना जाऊन सांगितलं. ओरडले नाहीत, लिहून घेतलं. मग मी तुमचाच प्रश्न विचारला. म्हणाले, गोळीचा निचरा लिव्हर करतं. म्हणजे दादाच्या मोरीत कालची भांडी घासून होईनात, तोवर आपण आजची टाकली. मी सोडते होय? विचारलं, मग लिव्हरवाल्यानं जन्मभर भीतच राहायचं का? तर नाही. उपाय आहेत, लागलीच तर गोळीही आहे. पण लिव्हरचे रिपोर्ट बघून डॉक्टरच निवडणार, थोडी देणार आणि लक्ष ठेवणार. केरबाच्या बायकोनं देऊ केलेली अश्वगंधासुद्धा विचारल्याशिवाय नाही. पुन्हा बोलणं बरळलं, हात थरथरले, तर तडक दवाखान्यात आणायचं, लोक काय म्हणतील ते म्हणोत.

मग मनाच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी दादाला विचारलं, भीती कशाची वाटते? वहिनी, हे आपण कुणी विचारलंच नव्हतं. दादा भिंतीकडं बघत म्हणाला, झोपेची. डोळा लागला तर उघडायचा नाही असं वाटतं. म्हणून तो जागत होता, आणि आपण त्याला झोपच पाठवत होतो.

बाई आता रोज येऊन बोलणार आहेत. आज जेवण झाल्यावर दादानं चारला उठव म्हणून मला दोनदा बजावलं, आणि आपला आपण झोपला.

लोभ आहेच, तो वाढवा.
तुमची संयोगिता

चार वाजले. त्याला उठवते.