'पुट ऑफ'चं पान आणि फोपनारची तार

तीर्थरूप नाना,

मायन्यात 'तीर्थरूप' लिहावं की 'कैलासवासी', यातच माझी सकाळ गेली. दोन कागद फाडले. मग वाटलं, कैलासवासी हे आपण दुसऱ्यांना कळावं म्हणून लिहितो. तुमची बातमी मी तुम्हालाच काय कळवू?

आज लिहायचं कारण असं, की मी आत्ताच फोपनारहून एका लग्नाचं जेवण जेवून आलो. ते लग्न माझ्या हातून मोडता मोडता राहिलं. दुसऱ्या कुणी सांगण्याआधी मीच तुम्हाला सांगितलेलं बरं.

पण आधी चांगलं सांगतो. तारघराच्या ओट्यावरचं तुमचं टेबल मी सोडलेलं नाही. तुमची वहीही रोज उघडतो. मी सहावीतून शाळा सोडली तेव्हा घरात सगळे रागावले, तुम्ही मात्र म्हणालात, "बस माझ्याजवळ. लोकांच्या तारा लिहिता लिहिता येईल इंग्रजी." तुम्हाला तरी कुठल्या शाळेनं शिकवलं होतं! तरी बुधवारा पेठेतले वकीलसुद्धा शब्द अडला की ओट्याशी येऊन विचारायचे, "नाना, याला एका शब्दात काय म्हणायचं?"

एका शब्दात! तीच तर तुमची विद्या. तारेत प्रत्येक शब्दाचे पैसे पडतात, म्हणून इंग्रजीतल्या जोड क्रियापदांना तुम्ही पानापानावर पकडून ठेवलं होतं. 'पुट ऑफ'चं पान मला तोंडपाठ आहे. डावीकडे अर्थ. पुढे ढकलणे. दिवा मालवणे, आणि खाली बारीक अक्षरात: 'राजघाटावरचा दिवा पुजाऱ्यानं मालवला तर पुट ऑफ, वाऱ्यानं विझला तर नाही.' अंगातला कोट उतरवणे. माणसाला टोलवणे, 'जसा तलाठी आपल्याला टोलवतो.' मन उडणे, 'करपलेल्या माव्याच्या वासानं मावा-जिलेबीवरचं मन उडालं.'

उजवीकडे तारेत चालणारे एकेकटे शब्द. 'डिले: उशीर आपोआपही होतो. पोस्टपोन: माणूस ठरवून करतो. ॲडजर्न: कोर्टाच्या तारखेला ठीक, लग्नाला लावू नये. डिफर: मोठ्या साहेबाचा शब्द, केळीवाल्याच्या तोंडी शोभत नाही.' नाना, छापलेल्या डिक्शनरीत हे कुठे सापडेल? शब्द कुणाच्या तोंडी शोभतो हे तुम्हाला कळत होतं. मला अजून फक्त त्याचं स्पेलिंग कळतं.

आता माझी चूक.

फोपनारचे भागवतदादा पाटील आले. त्यांचा मुलगा इंदूर संस्थानच्या कचेरीत कारकून. संस्थान विलीन झालं, कचेरी दुसऱ्या गावी हलली, आणि लग्नाच्या आठवड्यातच त्याला तिथे हजर व्हायचा हुकूम आला. रजा नामंजूर. भागवतदादा म्हणाले, "नवं सरकार आलं भो, पण लग्नाची तिथी कोणी विचारत नाही. यावलकडं व्याह्यांना तार कर, लग्न पुढं ढकललं."

मी लिहिलं: 'मॅरेज पोस्टपोन्ड लेटर फॉलोज.' चारच शब्द! तीन वेळा स्पेलिंग तपासलं. तारबाबू बघून म्हणाले, "वाह, बाप से भी कम में निपटा दिया." मला इतका आनंद झाला नाना, की ते चार शब्द मी घरी आईला वाचून दाखवले.

तुम्ही काय करायचात? कुणाच्याही घरी तार जायची असली, की सगळ्यांत आधी 'ऑल वेल' लिहायचात. सर्व खुशाल. व्यापाऱ्याच्या तारेला नाही, फक्त घरच्या. एकेका शब्दासाठी तासभर वही चाळणारा माणूस दरवेळी हे दोन शब्द उधळतो, याचं मला नवल वाटायचं. एकदा मी विचारलंही होतं. तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "राहू दे ते." राहू दे! एवढंच? मी ते राहू दिलं नाही नाना. तुमच्यामागे मी ते काढून टाकलं.

यावलकडच्या त्या खेड्यात तार पोहोचली. तिथल्या मास्तरांनी बरोबर वाचली. अर्थ कुणी चुकला नाही: लग्न पुढं ढकललं. पण भरलेला मांडव तारेनं कधी पुढं ढकलतात? घरात कुणी गेलं तरच ना! आणि साखरपुड्याला नवऱ्यामुलाचे आजोबा, सुकदेवबाबा, खोकून खोकून बेजार झालेले सगळ्यांनी पाहिले होते. बायांनी तिथंच गळा काढला. पुरुषांनी विहिरीवर डोक्यावरून पाणी घेतलं. मांडव उतरवला. आणि मागून येणाऱ्या पत्राची वाट न बघता व्याही दुखवट्याचं पांढरं पागोटं घेऊन पहिल्या गाडीनं फोपनारला निघाले.

ओसरीवर सुकदेवबाबा केळं खात बसले होते.

हे सगळं मला त्याच दुपारी कळलं. ओट्यासमोर बैलगाडी थांबली. आधी बाबा उतरले, डोक्याला ते पांढरं पागोटं गुंडाळलेलं! मागून व्याही आणि भागवतदादा.

"काय रे वामन, तूच मारलं ना मले?" बाबा म्हणाले. मी घाईनं उभा राहायला गेलो. "बस, बस. मेलेल्या माणसाले काय भ्यायचं! हे पाह्य, माह्या दुखवट्याचं पागोटं मीच बांधलं. चांगलं कापड आहे."

व्याही हसले नाहीत. "चेष्टा नका करू बाबा. मांडव उतरवून बसलोय आम्ही. पोरगी कालपासून जेवली नाही. भाऊबंद म्हणतात, असा अपशकुन झाला, हे लग्नच नको."

मी टेबलाकडे बघत होतो. दोन शब्द वाचवले म्हणून आईपुढे मिरवलो, आणि एका मुलीचा मांडव उतरला!

"अपशकुन कोणाचा?" बाबांनी विचारलं. "कोणी मेलं का?"

"नाही."

"मंग? ज्याच्या मरणाची खोटी खबर उठते त्याचं आयुष्य वाढते, हे तुमच्या गावात ठाऊक नाही का? मी आता पणतू खेळवल्याबिगर जात नाही. अन् नातसून मले तुमचीच पोरगी पाहिजे."

व्याह्यांनी मान खाली घातली. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. हसत होते.

मी हात जोडले. "बाबा, चूक माझी आहे." तेव्हा त्यांचा आवाज उतरला. "आमचं माणूस इथं कामाला अडकलं अन् तुह्या बापानं लिहिलेली तार आली ना, तं आमचे मास्तर फाटकातूनच पहिले दोन शब्द ओरडत. ते ऐकून बाया श्वास घेत. मंग बाकीचं आम्ही पाणी पिऊन, तंबाखू मळून ऐकत होतो. नाना गेला तेव्हा आमच्या घरात बाया म्हणे, आता तारेची भीती वाटंल."

नाना, मला इतकी लाज कधी वाटली नव्हती, आणि इतका अभिमानही कधी वाटला नव्हता. दोन्ही एकदम कसं वाटतं हे त्या दिवशी कळलं. मी तुम्हाला शब्द वाचवणारा माणूस समजत होतो. तुम्ही कुठल्या तरी गावच्या अनोळखी बायांचा श्वास सांभाळत होतात!

पण एक विचारू? वहीत हे का नाही लिहिलंत? कोट उतरवण्यासाठी ओळ आहे, तलाठ्यासाठी ओळ आहे. याच्यासाठी अर्धी ओळ नाही. मी किती शोधलं! का तुम्हाला वाटलं, हे सांगावं लागणारच नाही? मुलाला आपोआप येईल? नाही येत नाना. मला तर शिकवलेलंही तीनदा तपासल्याशिवाय येत नाही.

नवी तिथी ठरली, आणि मांडव या वेळी फोपनारलाच घालायचा ठरला. त्याच टेबलावर व्याह्यांनी मला समोर बसवून त्यांच्या भाऊबंदांना तार लिहायला सांगितली. मी आधी 'ऑल वेल' लिहिलं. या वेळी शब्द किती झाले हे पाहिलंच नाही. आज लग्न लागलं. पंगतीत सुकदेवबाबा सगळ्यांना माझी ओळख करून देत होते, "हा मारणारा. अन् याचा बाप जिवंत ठेवणारा." लोक हसत होते, आणि मीही मान वर करून जेवलो.

तुमच्या वहीत मी माझं अक्षर घालणार नाही. पण वचन देतो. आता तार लिहून घ्यायला कुणी समोर बसलं, की दौत उघडायच्या आधी मी विचारीन: ज्या घरी ही जाणार, तिथे म्हातारं कोण आहे? आजारी कोण आहे? दार कोण उघडेल? त्याचं उत्तर मिळाल्यावरच इंग्रजीला हात लावीन.

तुमच्या टेबलाशी बसणारा, तुमचा
वामन