फक्त प्रभूला सांगितलं

५ ऑक्टोबर १९९७, रविवार
आज उपासनेनंतर निश्चय केला. ग्रामपंचायतीची निवडणूक संपेपर्यंत ख्रिस्ती दृष्टिकोन सोडायचा नाही. गावात दोन पॅनल आणि दोन्हीकडे पाटीलच. मच्छिंद्र पाटलांचं चिन्ह छत्री, सर्जेराव पाटलाचं कपबशी. सख्खे भाऊ एकमेकांच्या दारावरून तोंड फिरवून जातात. अशा वेळी आपल्या छोट्याशा ख्रिस्ती वस्तीला शांत डोक्याचा माणूस हवा. मंडळीचा पंच मी, रिटायर मास्तर मी. दुसरं आहे कोण? दोन्ही पाटलांवर सारखी प्रीती ठेवणार, असं बायकोला सांगितलं. पुष्पाबाई म्हणाली, आधी भाकर खाऊन घ्या.

७ ऑक्टोबर, मंगळवार
मच्छिंद्र पाटील स्वतः घरी आले. चर्चला लाउडस्पीकर देतो म्हणाले, दोन भोंग्यांसकट. मी स्पष्ट बजावलं की यात राजकारण नको. ते म्हणाले, बिलकुल न्हाई मास्तर, देवाचं काम हे. यानंतर नको म्हणणं उद्धटपणा झाला असता. भोंगे घेतले, बाजू घेतली नाही.
दुपारी सर्जेरावाचा माणूस पोतंभर नारळ घेऊन आला. परत पाठवला. निवडणुकीत वस्तू घेणं म्हणजे लाच.

९ ऑक्टोबर, गुरुवार
तातेराव येऊन गेला. शेजारी, लहानपणापासूनचा दोस्त, माझ्या पाटीवर बघून पास झालेला. मच्छिंद्र पाटलांकडे सालगडी आहे, म्हणजे पाडव्यापर्यंत त्यांच्या शेताला बांधलेला. दार लोटून म्हणाला, सर्जेरावाकडं रोज सांजचं जाऊन राह्यलो मी. आपल्या गल्लीत हापसा बसवतो म्हणला. गिरिजा पाटलाच्या विहिरीवर घागर घेऊन उभी राहती, कुणी वाढलं तर पाणी. तुझ्याबिगर कुणाला ठावं न्हाई. बोलू नको.
मी शब्द दिला. माझा शब्द म्हणजे शब्द, हे साऱ्या भोकरदन तालुक्याला माहीत आहे. पण मन अस्वस्थ झालं. खाल्ल्या मिठाला जागावं की नाही? हा प्रश्न राजकारणाचा नाही, नीतीचा आहे. प्रार्थनेत ठेवू.

११ ऑक्टोबर, शनिवार
भोंगे चढवले. टेस्टिंगला मीच बोललो. थेट वेशीपर्यंत ऐकू गेलं. आवाज अजून खणखणीत आहे.
मच्छिंद्र पाटलांच्या जीपमधून भोकरदनला जाऊन आलो. जीप रिकामीच चालली होती.

१२ ऑक्टोबर, रविवार
भोंग्यावरची पहिली उपासना. पाळकसाहेब जालन्याहून महिन्यातून एकदाच येतात, म्हणून मीच चालवली. प्रार्थना फार उत्तम झाली. दोन्ही पॅनलसाठी मागितलं. मच्छिंद्र पाटलांना आरोग्य, आयुष्य आणि यश, सर्जेरावाला पश्चात्ताप. मग आतून शब्दच फुटले. म्हणालो, हे प्रभू, आमच्यातला एक भाऊ दिवसा ज्या धन्याची भाकर खातो, दिवेलागणीला त्याच्याच वैऱ्याच्या ओसरीवर चहा पितो, एका हापशासाठी. दोन धन्यांची चाकरी होत नसते हे त्याला दाखव.
नाव घेतलं नाही. शब्द पाळला. कोणाला काही सांगितलं नाही, फक्त प्रभूला सांगितलं.
बाहेर पडताना तातेराव दिसला नाही. पोट बिघडलं असेल.

१३ ऑक्टोबर, सोमवार
मच्छिंद्र पाटलांनी तातेरावाला कामावरून काढलं. पाडवा कुठल्या कुठे राहिला. वाईट वाटलं. त्याची बायको गिरिजाबाई दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, मास्तर, साऱ्या गावानं ऐकलं. मी समजावलं की प्रार्थना देवाशी असते, ती गावाने ऐकायची नसते. ऐकणाऱ्यांची चूक आहे. तिला पटलेलं दिसलं नाही.
पाटलांकडे जाऊन तातेरावासाठी शब्द टाकायचा. उद्याच.

१६ ऑक्टोबर, गुरुवार
पाटलांकडे गेलो. चहा, भजी. माणसं फार होती, विषय निघाला नाही. लोकांसमोर धन्याला अडचणीत टाकणं ख्रिस्ती माणसाला शोभत नाही. भजी गरम होती. निवडणूक झाली की नक्की बोलणार.

१९ ऑक्टोबर, रविवार. मतदान.
शाळेत रांगेत उभा होतो. फाटकापाशी मच्छिंद्र पाटलांच्या चौघांनी तातेरावाला धरलं आणि जीपमागे ओढलं. काठ्या होत्या, एकाच्या हातात लोखंडी टॉमी. तातेरावाने माझ्याकडे बघून हाक मारली. दाव्या, म्हणाला. माझं नाव दाविद आहे. चारचौघांत असं बोलावणं बरं नव्हे.
मी लगेच डोळे मिटून प्रार्थनेला लागलो. रांग सोडली असती तर मतदानाचा हक्क बुडाला असता, आणि एका बाजूने मध्ये पडल्यासारखंही दिसलं असतं. डोळे उघडले तोवर आटोपलं होतं. त्याला ट्रॅक्टरमध्ये घालून जालन्याला नेलं.
मत दिलं. मतदान गुप्त असतं म्हणून इथेही लिहीत नाही. छत्रीवर शिक्का जरा पुसट उमटला.

२० ऑक्टोबर, सोमवार
छत्री आली. गुलाल. मिरवणुकीसाठी चर्चचे भोंगे काढून नेले. चर्चची वस्तू मिरवणुकीला देऊ नये असं माझं ठाम मत होतं, पण ते नेत होते तेव्हा मी जेवत होतो.

२२ ऑक्टोबर, बुधवार
पोलीस ठाण्यातून जमादार आला. फाटकापाशी काय बघितलं म्हणून विचारलं. मी सांगितलं, माझे डोळे मिटलेले होते. अक्षरशः खरं. खोटी साक्ष देऊ नये अशी आज्ञाच आहे. तेवढ्यात पुष्पाबाई आतून बाहेर आली. म्हणाली, मी बायांच्या रांगेत होते, माझे उघडे होते, घ्या लिहून. चारही नावं सांगितली. अंगठा केला. बाईमाणसाला राजकारण कळत नाही.
ती आता माझ्याशी बोलत नाही. ताट झाकून ठेवते.
तातेरावाला भेटायला दवाखान्यात जायचं होतं, पण आता गेलो तर लोक कपबशीवाला म्हणतील. वातावरण निवळू दे.

२५ ऑक्टोबर, शनिवार
बेचैन आहे. दोन दिवस झोप नाही. उद्या उपासना झाली की जालन्याची एसटी. संत्री न्यायची. तातेरावाला सगळं नीट समजावून सांगायचं. त्याला कळेल. मला तेवढा एकच माणूस आहे.

२६ ऑक्टोबर, रविवार
तातेराव पहाटे गेला.
बॉडी दुपारी गावात आणली. पाळकसाहेब दौऱ्यावर होते, दफन मलाच करावं लागलं. कबरीवर प्रार्थना केली. दोन्ही बाजूंना धरूनच केली. तातेरावाला तुझ्याजवळ घे, मारणाऱ्यांना क्षमा कर, गावात शांती दे. आवाज भरून आला. इथे लिहितो, खरोखर भरून आला.
आमच्यात प्रार्थना संपली की मंडळी आमेन म्हणते, तेव्हाच ती पुरी होते. मी डोळे मिटून थांबलो. माती पडत होती ती ऐकू येत होती. मग तीही थांबली. कोणीतरी म्हणेल म्हणून आणखी थांबलो.
डोळे उघडले तेव्हा कबर भरली होती आणि माणसं वाटेला लागली होती. पुष्पाबाई गिरिजाबाईला धरून चालली होती. तिने मागे वळून बघितलं नाही.
आमेन मीच म्हणालो.