पाहिलंस की वाटलं?

गुरुवार, संध्याकाळ

काल इथे लिहिलं ते चुकलं. ‘पीजीच्या ग्रुपवर सगळ्या म्हणतात, शांताक्कांचा डबा शिळा असतो.’ सगळ्या कुठे? ‘मला शिळा वाटला’ असं एकटी स्नेहा म्हणाली; बाकीच्यांनी नुसते अंगठे दिले. तेवढ्यावर आज निम्मे डबे बंद. डबा द्यायला आलेल्या अक्का दारात त्यांच्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणाल्या, “स्वल्प, थोडं सांग की गं, कुणाचं पोट बिघडलं?”

घरी जेवताना बाबा प्रत्येक बातमीला अडवायचे, “पाहिलंस की वाटलं?”

मी म्हणेन, ताजा असतो. पण तेही वाटलेलंच. पाहिलंय कुठे?

ग्रुपवर अक्कांच्या बाजूने लिहिलं तर सगळ्या तुटून पडतील. पडू देत. अक्कांच्या स्वयंपाकघरात स्वतः उभी राहीन आणि पाहिलेलं, तेवढंच लिहीन. परवा, शनिवारी.